चांद नावाची माणसे

आज मला एका नावाबद्दल बोलायचे आहे. नाव साधे आहे: चांद. आमच्या कोल्हारात आणि प्रवरेकाठच्या गावांत हे नाव कुणालाही नवे नाही. मुसलमानाच्या घरी चांदभाई असतो, चांदबी असते. मारवाडी जैनाच्या घरी चांदमल असतो. फुलचंद, माणिकचंद या नावांच्या शेवटीही तोच शब्द थोडा आखूड होऊन बसलेला असतो. पुरुषाला चालते, बाईला चालते, श्रीमंताला आणि गरिबालाही चालते, असे हे नाव आहे.

शब्दाचे मूळ पाहू गेले तर ते संस्कृतातल्या ‘चंद्र’मध्ये सापडते. प्राकृतात त्याचा ‘चंद’ झाला आणि पुढे बोलीभाषांत ‘चांद’. अरबीत चंद्राला ‘कमर’ म्हणतात, फारसीत ‘माह’. ही नावेही मुसलमानांत आहेत. पण खेड्यातल्या मुसलमानाने लेकराचे नाव ठेवताना अनेकदा अरबस्तानाकडे पाहिले नाही, इराणकडेही पाहिले नाही. इथल्या लोकांच्या तोंडी असलेला शब्द त्याने उचलला. उच्चारात मात्र एक गंमत राहिली. चांदोबातला ‘च’ आणि चांदबिबीतला ‘च’ एकदा मोठ्याने म्हणून पाहा. अक्षर तेच आहे, जीभ वेगळ्या जागी लागते. मराठीने एकाच शब्दाचे दोन्ही उच्चार आपल्याकडे ठेवून घेतले.

या नावाची तीन माणसे आमच्या मुलखाच्या इतिहासात तीन वेगवेगळ्या वळणांवर भेटतात. एक सत्पुरुष, एक राज्यकर्ती आणि एक गावचा पाटील.

पहिले चांद बोधले. सोळाव्या शतकातले, कादरी परंपरेतले सूफी. दौलताबादच्या परिसरात त्यांचे वास्तव्य होते. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद यांचे ते गुरू. ‘योगसंग्राम’ हा मराठी ग्रंथ लिहिणारे शेख महंमद आपल्या गुरूचे नाव अभिमानाने सांगतात. याच दौलताबादच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामी अधिकारी होते आणि पैठणचे एकनाथ महाराज हे त्यांचे शिष्य. जनार्दनस्वामींचे गुरूही चांद बोधलेच होते, असे रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या संशोधकांनी मांडले आहे. वारकरी परंपरा जनार्दनस्वामींचे गुरू म्हणून दत्तात्रेयांचे नाव घेते. पण त्याच परंपरेतल्या कथेत दत्त येतात ते मलंगाच्या, म्हणजे फकिराच्या वेशात. श्रद्धेने पाहा की संशोधनाने पाहा, फकीर काही त्या गोष्टीतून बाहेर जात नाही.

दुसरी चांदबिबी. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची मुलगी, विजापूरच्या अली आदिलशहाची बेगम. १५८० मध्ये नवऱ्याचा खून झाला, तेव्हा गादीवर आलेल्या लहानग्या इब्राहिमच्या वतीने तिने कारभार पाहिला. पुढे ती माहेरी परतली आणि माहेरावरच संकट आले. १५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद याने नगरच्या किल्ल्याला वेढा घातला. सुरुंगाने तटाला खिंडार पडले. तेव्हा अंगावर चिलखत, तोंडावर बुरखा आणि हातात तलवार घेऊन ती स्वतः खिंडारापाशी उभी राहिली आणि रातोरात तट बांधून काढला, असे वर्णन फिरिश्त्याने केले आहे. १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन तह झाला, पण किल्ला वाचला. चार वर्षांनी, १६०० मध्ये, मोगल पुन्हा आले. आता निभाव लागणार नाही हे ओळखून तिने वाटाघाटीचा विचार केला, तेव्हा ती फितूर झाल्याची हाकाटी उठली आणि तिच्याच माणसांनी तिला ठार केले. त्यानंतर थोड्याच दिवसांत किल्ला पडला.

नगरजवळच्या शाह डोंगरावर एक उंच, अष्टकोनी इमारत आहे. लोक तिला ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात. खरे तर ती निजामशाहीचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. बिचाऱ्या सलाबतखानाचे नाव लोकांच्या जिभेवर राहिले नाही, चांदबिबीचे राहिले. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण एसटीतला माणूस त्या डोंगराकडे बोट दाखवून अजूनही चांदबिबीचेच नाव घेतो.

तिसरा चांद पाटील. औरंगाबादकडच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या धूपखेड्याचा. त्याची घोडी हरवली होती. खोगीर पाठीवर टाकून तो शोधत फिरत असताना झाडाखाली एक तरुण फकीर भेटला आणि त्याच्या सांगण्यावरून घोडी सापडली. पुढे चांद पाटलाच्या बायकोच्या भाच्याचे लग्न शिर्डीच्या मुलीशी ठरले. वऱ्हाडाबरोबर तो फकीरही शिर्डीला आला. गाड्या खंडोबाच्या देवळापाशी सुटल्या. म्हाळसापतींनी फकिराला ‘साई’ अशी हाक मारली आणि तेच त्याचे नाव झाले. ही हकिकत हेमाडपंतांनी, म्हणजे गोविंद रघुनाथ दाभोलकरांनी, ‘श्रीसाईसच्चरिता’त ओवीबद्ध केली आहे. आमच्या कोल्हारवरून नगर-मनमाड रस्त्याने शिर्डीकडे रात्रंदिवस गाड्या जातात. त्यातल्या प्रवाशांना साईबाबांचे मूळ नाव माहीत नाही, ते कुणालाच माहीत नाही. पण ज्या वऱ्हाडातून ते आले, त्या वऱ्हाडातल्या पाटलाचे नाव मात्र पोथीत नोंदलेले आहे.

या मुलखाबाहेर पाहिले तरी हे नाव वेगवेगळ्या क्षेत्रांत दिसते. सोलापुरात १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९१९ मध्ये सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला पाठवले आणि १९४० मध्ये बंगळुरूला विमानाचा कारखाना उभा केला. धनपतराय नावाच्या शिक्षण खात्यातल्या नोकरदाराचे उर्दू पुस्तक इंग्रज सरकारने जप्त केले, तेव्हा पुढचे लेखन करण्यासाठी त्यांनी ‘प्रेमचंद’ हे नाव घेतले. हॉकीचे ध्यानचंद मूळचे ध्यानसिंग. फौजेतली ड्युटी संपल्यावर चांदण्यात सराव करत, म्हणून सोबत्यांनी त्यांना ‘चंद’ म्हटले, असे सांगतात. १९२८, १९३२ आणि १९३६ अशा तीन ऑलिंपिकांत ते सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात होते.

आता मला जे म्हणायचे आहे ते सांगतो. मी मराठीत कविता लिहितो. कार्यक्रमात माझे नाव पुकारले की कुणीतरी हमखास जवळ येऊन म्हणतो, “तुमची मराठी फारच छान आहे हो.” तो माणूस प्रेमानेच बोलतो. पण ज्या भाषेत मी आईशी भांडलो आणि शाळेत मार खाल्ला, त्या भाषेबद्दल मला शाबासकी कशासाठी? ऐकणाऱ्याने माझे नाव ऐकले आणि त्यावरून माझी भाषा कुठली, हे मनातल्या मनात ठरवून टाकले. हल्ली नावावरून बरेच काही ठरवले जाते. घर भाड्याने द्यायचे की नाही, तेसुद्धा.

अशा वेळी मला हे तिघे आठवतात. तिघांनाही आपण ओळखतो ते दुसऱ्यांनी लिहून ठेवल्यामुळे. चांद बोधल्यांचे नाव मुसलमान संतकवीने मराठीत जपले. चांदबिबीचा पराक्रम फारसी इतिहासकाराने नोंदवला. चांद पाटलाची हकिकत एका हिंदू भक्ताने ओवीत बांधली. लिहिणाऱ्यांनी माणसाचे काम पाहिले, ते लिहावेसे वाटले म्हणून लिहिले. हेमाडपंतांना चांद पाटील वगळून वरात सांगता आली असती. त्यांनी तसे केले नाही.

मोठ्या माणसांची नावे ग्रंथांत राहिली. आपल्या गावचे चांदभाई, चांदबी आणि चांदमल यांची नोंद कुठल्या ग्रंथात होणार नाही. कुणी विहीर बांधली असेल, कुणी बाळंतपणे केली असतील, कुणी दुष्काळात उधारीवर धान्य दिले असेल. ज्यांनी हे पाहिले ती म्हातारी माणसे अजून ओट्यावर बसलेली आहेत. त्यांच्याजवळ बसावे, विचारावे आणि वहीत उतरवून ठेवावे. हे काम करायला कवी असावे लागत नाही.