दोरापासून होकायंत्रापर्यंत: साष्टीच्या डोंगरनोंदीची कुळकथा

गुहेत किंवा लेण्यात शिरणाऱ्या मोहिमेला दोन नोंदी ठेवाव्या लागतात. एक आतली, दुसरी मुक्कामाभोवतीच्या डोंगराची: वाट कुठून चढते, पाणी कुठे आहे, ओढा कोणत्या बाजूला वाहतो, खडक कोणता आणि तो कुठे कललेला आहे. मूर्ती आणि शिलालेखांच्या ओढीने पहिली नोंद लवकर सुरू झाली. दुसरीला आकार यायला शतके लागली. साष्टी बेटावर तिचा माग कान्हेरीच्या लेण्यांपासून भाईंदरच्या पश्चिमेला उत्तनच्या वाटेवर असलेल्या डोंगरीपर्यंत काढता येतो.

सर्वांत जुनी नोंद कान्हेरीच्या भिंतींवरच आहे. सातवाहनकाळातील प्राकृत दानलेखांत या डोंगराला ‘कण्हसेल’, म्हणजे काळा डोंगर, म्हटले आहे. आजच्या नावाचे मूळ तेच. लयन या संस्कृत शब्दाचे प्राकृत रूप ‘लेण’ आणि पाण्याच्या टाक्यासाठी ‘पोढी’ हे दोन शब्द या लेखांत पुन्हा पुन्हा येतात. दात्यांची गावे म्हणून कल्याण, सोपारा, चेऊल यांची नावे येतात. भिक्षूंच्या निर्वाहासाठी दिलेल्या शेतांत मागाठाण्याच्या शेताचा उल्लेख आहे. पावसाळ्यातल्या वर्षावासाला डोंगरावर राहणाऱ्या भिक्षूंना धान्य कुठून येणार आणि पाणी कुठे साठणार, हे या कोरीव ओळींत नोंदले गेले. हेतू दान अक्षय राखण्याचा होता. पण भोवतालच्या भूगोलाचा एवढा विश्वासार्ह दस्तऐवज त्यानंतर दीड हजार वर्षे कोणी केला नाही.

साष्टी आणि वसई १५३४ मध्ये पोर्तुगिजांकडे गेली. चार वर्षांनी जुआंव द कास्त्रो हा नौकानयनाचा जाणकार गोव्याहून दीवकडे जाणाऱ्या आरमाराबरोबर या किनाऱ्यावर आला. त्या प्रवासाच्या मार्गवर्णनात त्याने घारापुरी आणि कान्हेरीचे वर्णन लिहिले. त्याचे दुसरे निरीक्षण लेण्यांशी जोडून सहसा सांगितले जात नाही, पण या कुळकथेत ते महत्त्वाचे आहे. डिसेंबर १५३८ मध्ये वसईजवळ त्याच्या होकायंत्राची सुई अपेक्षित दिशेपासून ढळलेली आढळली. पाण्याखालच्या खडकाचा हा परिणाम असावा, असा तर्क त्याने केला. वसईच्या खाडीच्या दक्षिण काठावर उत्तन-डोंगरीचा डोंगर आहे. खडक सुईला ओढतो, ही नोंद याच पाण्यावर झाली.

त्यानंतरची मोहीम मात्र होकायंत्राविना गेली. दियोगो द कूतो या पोर्तुगीज बखरकाराने तिची हकीगत लिहून ठेवली आहे. कान्हेरीचे भुयार थेट खंबायतपर्यंत जाते, असे स्थानिक ख्रिस्ती लोकांकडून ऐकून आंतोनियो द पोर्तो या फ्रान्सिस्कन पाद्र्याने शोध घ्यायचे ठरवले. बरोबर एक सहकारी आणि वीसेक माणसे घेतली. श्वापदांसाठी तोड्याच्या बंदुका, पाणी, तांदूळ, बिस्किटे, भाजी आणि मशालींचे तेल घेतले. तिघांच्या खांद्यावर फक्त दोर होते. तोंडाशी मोठा धोंडा ठेवून दोराचे टोक त्याला बांधले आणि माणसे आत शिरली. कूतोच्या म्हणण्याप्रमाणे सात दिवस चालूनही भुयार संपले नाही. शिधा आणि पाणी सरत आले, तेव्हा दोर धरून सारे परतले. होकायंत्र नसल्याने आपण चढत होतो की उतरत होतो आणि कोणत्या दिशेला होतो, हे त्यांना सांगता आले नाही.

कान्हेरीत असे भुयार नाही. शंभराहून अधिक लेणी उघड्या डोंगरउतारावर सुटी सुटी कोरलेली आहेत आणि ती जोडणाऱ्या पायऱ्या बाहेरून जातात. सात दिवसांचा आकडा म्हणूनच खरा मानता येत नाही. त्याच हकीगतीतला एक तपशील मात्र चोख आहे: दोन्ही बाजूंना लहान खोल्या होत्या आणि प्रत्येकीजवळ पाण्याचे टाके होते. शिलालेखांतली पोढी ती हीच. माणसांनी डोळ्यांनी पाहिले ते टिकले. दिशा आणि अंतर यांची नोंद नसल्याने बाकीच्याची दंतकथा झाली. दोर माघारी आणतो, पण नकाशा देत नाही.

नकाशाआधी चित्र आले. पुण्याचा इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने १७९० च्या सुमारास शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली. तिथे स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याच्या हाताखाली गंगाराम चिंतामण तांबट हा मराठी चित्रकार तयार झाला. त्याने वेरूळची लेणी काढली आणि पुण्याच्या पर्वतीचा डोंगरही काढला. नियमबद्ध दृष्टिकोनातून लेणे आणि डोंगर दोन्ही रेखाटणाऱ्या पहिल्या मराठी हातांत त्याचा हात धरावा लागतो, आणि त्याचे नाव आज आहे त्यापेक्षा अधिक ओळखीचे असायला हवे. कान्हेरीच्या कामापाठोपाठ नोव्हेंबर १७९५ मध्ये वेल्सचा साष्टीतच मृत्यू झाला. वेल्स आणि तांबट यांची अनेक चित्रे आता अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

हेन्री सॉल्टचा साष्टीच्या लेण्यांवरील सचित्र निबंध मुंबईच्या लिटररी सोसायटीने १८१९ मध्ये छापला. त्याचा भर मूर्ती आणि दालनांवर होता. नोंद खऱ्या अर्थाने पालटली ती एडवर्ड वेस्टमुळे. तो जीआयपी रेल्वेचा अभियंता होता आणि पहलवी भाषेचा अभ्यासकही. १८६० च्या सुमारास त्याने कान्हेरीतील लेखांच्या नकला केल्या, लेण्यांना क्रमांक दिले आणि कोणते लेणे डोंगरावर नेमके कुठे आहे हे नोंदवले. क्रमांक देणे किरकोळ वाटते, पण त्यामुळेच पुढच्या माणसाला तेच लेणे, तोच लेख आणि तेच टाके पुन्हा सापडू लागले. इराणी प्रवाशांनी इथे १००९ आणि १०२१ मध्ये कोरलेले पहलवी लेखही वेस्टनेच वाचले. १८८१ मध्ये जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांचा पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांचा संग्रह निघाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या शोभना गोखले यांचा कान्हेरीच्या लेखांवरील ग्रंथ १९९१ चा.

लेणे ज्यात कोरले त्या खडकाची नोंद सर्वांत उशिरा झाली. दख्खनच्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते. होकायंत्र घेऊन मोजणी करणाऱ्याला ते चकवते. १९५० च्या दशकात हाच अडथळा पुरावा ठरला. लाव्हा थंड होताना त्या काळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा खडकात गोठते. दख्खनच्या नमुन्यांत गोठलेली दिशा मोजल्यावर, हा लाव्हा वाहिला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, असे दिसून आले.

साष्टीच्या खडकांत काळ्या पाषाणाखेरीज इतरही प्रकार आहेत. कान्हेरीचा खडक ज्वालामुखीतून उडालेल्या तुकड्यांच्या थरांचा आहे. डोंगरीत रायोलाइट आहे. हा सिलिका जास्त असलेला, फिकट रंगाचा लाव्हा दख्खनमध्ये विरळा. आयआयटी मुंबईच्या भूशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डोंगरीच्या दोन उघड्या जागांवरील रायोलाइटचे वय आर्गॉन पद्धतीने काढले. ते सुमारे ६ कोटी २६ लाख आणि ६ कोटी २९ लाख वर्षे निघाले. दख्खनचा मुख्य उद्रेक त्याच्या कित्येक लाख वर्षे आधीचा. त्या लाव्हाच्या खाली गाळाचा एक थरही सापडला. तो तोवर कोणाच्या नोंदीत नव्हता. म्हणजे दोन उद्रेकांच्या मधल्या काळात इथे गाळ साचत होता.

हे सर्व थर पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूला कललेले आहेत. मुंबई परिसरातले थर असे वाकवणाऱ्या घडीला पनवेलची वाक म्हणतात. डोंगरीचा रायोलाइटही तिच्यासोबत कललेला असल्याने, वाकण्याची क्रिया त्याच्या वयानंतरही चालू होती किंवा नंतरच घडली, असे ठरते. थराच्या या कलाला भूशास्त्रात नती म्हणतात. नतीचा कोन नतिमापकाने आणि तिची दिशा होकायंत्राने मोजून दोन्ही नकाशावर त्या जागी लिहितात.