चार तारा, चार हप्ते

आमची कन्या शिकायला पुण्याला गेली तेव्हा तिनं चार बॅगा, दोन उशा आणि लोणच्याच्या तीन बरण्या नेल्या. मागे ठेवलं ते फक्त युकुलेले. गिटारला बाळसं धरायचं राहून गेलं तर ती जशी दिसेल, तसं हे चार तारांचं वाद्य. रिकाम्या खोलीत ते भिंतीला टेकून माझ्याकडे असं काही बघायचं की एका रविवारी मी ते उचललंच.

पहिला कॉर्ड सोपा निघाला. सगळ्यात खालच्या तारेवर तिसऱ्या पडद्याशी एक बोट ठेवायचं, चारी तारांवरून हात फिरवायचा, की ‘सी मेजर’ तयार! घोडं अडलं ते आर्पेजियोपाशी. कॉर्ड म्हणजे सगळे स्वर एकदम. तेच एकामागून एक छेडले की आर्पेजियो. बँकेच्या भाषेत सांगायचं तर कॉर्ड ही एकरकमी फेड आणि आर्पेजियो म्हणजे हप्ते. आता हप्ते चुकतात, हे मला कोणी सांगायला नको.

वरच्या दोन तारा अंगठ्यानं, तिसरी तर्जनीनं, चौथी मधल्या बोटानं असा नियम. पण माझा अंगठा पडला नोटा मोजणारा. मोजणीचं यंत्र आल्यापासून बेकार बसलेला तो पठ्ठ्या चारी तारांवर एकटाच तुटून पडू लागला. त्यातून या वाद्याची जुळणीही विचित्र. सगळ्यात वरची तार खर्जातली असेल असं वाटतं, तर ती निघते उंच ‘जी’. सूर वरून निघतो, धपकन ‘सी’वर येतो आणि मग पुन्हा पायरी पायरीनं चढतो.

“अहो, तंबोऱ्यासारखं छेडा,” स्वयंपाकघरातून सल्ला आला. “एक तार बोलू द्या, मग दुसरी!”

बोटं दुखली की मी या वाद्याचा इतिहास वाचतो. हवाईचं म्हणून मिरवणाऱ्या या वाद्याचं माहेर पोर्तुगीज. 23 ऑगस्ट 1879 रोजी ‘रेव्हन्सक्रॅग’ हे जहाज मदेरा बेटावरून होनोलुलूला लागलं. आत चारशेवर माणसं, उसाच्या मळ्यांत करारावर राबायला आलेली. सोबत ‘माशेत’ नावाचं त्यांचं चिमुकलं वाद्य. त्यांतले मान्युएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तिघे लाकूडकामातले कारागीर. पुढे त्यांनी होनोलुलूत दुकानं थाटली आणि तिथल्या कोआ लाकडाची वाद्यं घडवली. राजा कालाकौआला ती आवडली, दरबारात मान मिळाला.

युकुलेले या नावाचा रूढ अर्थ ‘उड्या मारणारी पिसू’. राजाची बहीण लिलिउओकलानी मात्र त्याचा अर्थ लावी, ‘इथे आलेली भेट’. पुढे तीच राणी झाली. 1893 साली तिचं सिंहासन गेलं, 1898 साली बेटं अमेरिकेनं घेतली आणि 1915 च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर त्याच अमेरिकेला युकुलेलेचं वेड लागलं. घेणाऱ्यानं सगळंच घेतलं. भेट कशाला म्हणतात, ते राणीलाच ठाऊक!

त्या लोकांनी घर सोडलं, पण वाद्य सोडलं नाही. आमच्या कन्येनं वाद्य घरी सोडलं. का, ते मी विचारलेलं नाही. काल रात्री फोनवर तिला ‘सी’, ‘एफ’ आणि ‘जी सेव्हन’ असे तीन कॉर्ड हप्त्याहप्त्यानं ऐकवले. पलीकडे बराच वेळ शांतता.

मग म्हणाली, “बाबा, वरची तार उतरलीय. पण थांबू नका, वाजवा.”

मी खुंटी पिळली आणि पुन्हा पहिल्या हप्त्यापासून सुरुवात केली.