माथेरानची हातरिक्षा

मागे एकदा मे महिन्याच्या सुटीत आम्ही माथेरानला गेलो होतो. दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवली, सामान खाली काढले आणि समोर उभ्या असलेल्या हातरिक्षांकडे पाहून सौ. म्हणाली, "मी चालेन हो, पण आईंचे काय?" आईचे गुडघे दुखत. शेवटी तिला रिक्षात बसवले. पुढे एकजण ओढतो आहे, मागून दोघे ढकलताहेत आणि आम्ही बाजूने चालतो आहोत! आई सारखी म्हणत होती, "अरे, मला उतरवा, माणसाने माणसाला ओढायचे म्हणजे काय?" तो रिक्षावाला हसून म्हणाला, "आजी, तुम्ही उतरलात तर आम्ही काय खायचं?"

हे वाक्य अजून माझ्या डोक्यातून गेलेले नाही.

माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली येथे चढून आले आणि मुंबईच्या साहेबांना उन्हाळ्यासाठी एक थंड जागा सापडली. (रानातल्या ठाकर-कातकऱ्यांना ती आधीपासून सापडलेलीच होती, पण त्याची नोंद सरकारी कागदात होत नसते. मी सरकारी कारकून आहे, मला ठाऊक आहे!) पुढे १९०७ साली आदमजी पीरभाय यांच्या घराण्याने नेरळहून वर छोटी रेल्वे आणली. रूळ अवघे दोन फूट रुंदीचे, आणि वाटेतल्या एकुलत्या एका बोगद्याला 'वन किस टनेल' असे खट्याळ नाव.

पण गाडी स्टेशनपर्यंत. तिथून पुढे काय? मोटारींना वर बंदी. २००३ साली परिसर पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाल्यावर ती आणखी घट्ट झाली. रुग्णवाहिकेसारखा अपवाद सोडला तर इंजिनाचे वाहन नाही. मग उरले घोडे, हमाल आणि हातरिक्षा. तांबड्या मातीचा चढउताराचा रस्ता. ती माती पाहून मला तर आपल्या सांगे-केप्याचीच आठवण झाली. पाऊस पडला की चाक रुतते, आणि वर बसलेला माणूस शंभर किलोचा असला तरी तक्रार करायची सोय नाही. ओढून ओढून माणूस चाळिशीतच थकतो. परवाने होते चौऱ्याण्णव, म्हणजे त्यांवर तेवढी घरे आणि ढकलणाऱ्यांची आणखी कितीतरी.

आता गंमत पाहा. हा धंदा बंद करा म्हणून कोर्टात कोण गेले? बाहेरचे कोणी समाजसेवक नव्हेत, तर खुद्द हातरिक्षावाल्यांची संघटना! आम्हाला हे ओढणे नको, त्या जागी बॅटरीवर चालणारी ई-रिक्षा द्या, ही त्यांची मागणी. आपल्या हाताने आपलाच धंदा मोडायला निघालेली संघटना मी तरी दुसरी पाहिलेली नाही. घोडेवाल्यांचा याला विरोध होता, आणि त्यांचेही पोट होतेच. पर्यावरणवाल्यांना भीती होती की आज ई-रिक्षा आली तर उद्या मोटार येईल. तीही अगदीच खोटी भीती नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली प्रायोगिक परवानगी दिली आणि त्या डिसेंबरात पहिल्या ई-रिक्षा धावल्या. शाळेत जाणाऱ्या पोरांनी त्यांचा फायदा घेतला. प्रयोग संपला, गाड्या थांबल्या, पुन्हा कोर्ट, पुन्हा तारखा. परवाने मूळ हातरिक्षावाल्यांनाच मिळायला हवेत की नाही, यावरही वाद झाला. शेवटी ६ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने सांगितले की माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा सहा महिन्यांत बंद करा. गुजरातेत केवडियाला सरदार पटेलांच्या पुतळ्यापाशी स्थानिकांना ई-रिक्षा भाड्याने चालवायला देतात, त्या धर्तीवर इथेही योजना करा, आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असेही बजावले. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक चालतील, आतल्या वाटांवर नकोत, हाही त्याच निकालातला भाग.

आपल्याकडे पोर्तुगीज काळात मोठी माणसे माचिलातून जात आणि भोयांच्या खांद्यांना घट्टे पडत. माचिल गेली, तेव्हा त्या भोयांच्या घरी चूल कशी पेटली हे कोणी लिहून ठेवले आहे का? मी तरी वाचलेले नाही. माथेरानच्या रिक्षावाल्यांनी निदान स्वतःचे म्हणणे कोर्टाच्या कागदावर चढवले.

आई आता नाही. त्या दिवशी मुक्कामी पोचल्यावर तिने ठरलेल्या भाड्यावर वीस रुपये जास्त दिले आणि त्या तिघांना आधी पाणी प्यायला लावले.