सिरॅमिक शेगडीच्या लाकडी टेबलाची डागडुजी आणि निगा

मरोळ गावठाणातील घरांची मागीलदारे असोत वा आसपासच्या इमारतींच्या गच्च्या, उघड्यावरील लाकडी सामानाची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. कोळशाची सिरॅमिक शेगडी ज्या टेबलात बसवली जाते, त्याला पाण्याबरोबर आगीचाही धोका असतो. म्हणून त्याची दुरुस्ती केवळ पॉलिशपुरती मर्यादित ठेवता येत नाही.

ही अंड्याच्या आकाराची शेगडी ‘कामादो’ या नावाने ओळखली जाते. जपानी भाषेत या शब्दाचा अर्थ चूल. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी अशा चुली मायदेशी नेल्या. अटलांटा येथे १९७४ मध्ये ‘बिग ग्रीन एग’ ही कंपनी स्थापन झाली आणि पुढे मातीची जागा सिरॅमिकने घेतली. मोठ्या शेगडीचे वजन सुमारे ७० किलो असते आणि आतील तापमान ३५० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते.

उष्णतेपासून संरक्षण

लाकूड साधारणतः २५० ते ३०० अंशांच्या दरम्यान पेट घेते. मात्र दीर्घकाळ उष्णता लागत राहिल्यास ते त्याहून कमी तापमानालाही करपते आणि करपलेला भाग लवकर पेटतो. त्यामुळे शेगडी लाकडावर थेट ठेवू नये. खाली काँक्रीटची जाड लादी आणि तिच्यावर हवा खेळेल असे पाय असावेत. फळीतील गोल खाच आणि शेगडी यांत उत्पादकाने सांगितलेले अंतर राखावे. बंदिस्त सज्ज्यात शेगडी पेटवू नये. कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू प्राणघातक ठरतो.

डागडुजी

काम पावसाळ्यापूर्वी, कोरड्या हवेत करावे. शेगडी पूर्ण थंड झाल्यावर आतील भाग काढून ती हलकी करावी व दोघांनी उचलावी. नंतर टोकदार अवजाराने फळ्या व पाय टोचून पाहावेत. अवजार सहज रुतल्यास लाकूड कुजले आहे असे समजून तो भाग बदलावा. खोलवर करपलेली फळीही बदलावी. तिच्यावर लांबी भरून रंग देणे धोक्याचे असते. सागाचा गाभा वाळवीला दाद देत नाही, पण कडेचे फिकट लाकूड तितके टिकाऊ नसते. लोखंडी स्क्रूमुळे सागावर काळे डाग पडतात, म्हणून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत. लाकूड पावसाळ्यात फुगते, त्यामुळे फळ्यांमध्ये थोडी फट ठेवावी.

जुना थर काढताना काचपेपर ८० क्रमांकापासून सुरू करून १८० पर्यंत न्यावा आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासावा. लाखेचे पॉलिश उष्णतेने मऊ व ओलाव्याने पांढरे पडते. त्याऐवजी बाहेरच्या वापराचे लाकडाचे तेल पातळ थरांत लावावे. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकाव्यात.

वर्षभराची निगा

सांताक्रूझ येथे जून ते सप्टेंबर या काळात सरासरी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. या काळात टेबल छताखाली न्यावे आणि पाय दगडावर टेकवावेत. प्लास्टिक घट्ट गुंडाळल्यास आत दमटपणा कोंडून बुरशी येते. म्हणून आच्छादनाखालून हवा खेळू द्यावी. सांडलेले तेल व राख लगेच पुसावी, मात्र राख गार झाल्याची खात्री करूनच. पावसाळा संपल्यावर सांधे, चाके आणि शेगडीखालील लादी तपासूनच पहिला कोळसा पेटवावा.