एकेक गुण देऊन जिंकलेला सामना
ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या २००८ च्या हंगामात जिलाँगचा संघ साखळीत एकच सामना हरला होता. २७ सप्टेंबरला मेलबर्नच्या अंतिम सामन्यात मात्र हॉथॉर्नने त्याला ११५-८९ असे हरवले. या खेळात गोलला सहा गुण. पण बचावपटूने स्वतःच चेंडू गोलरेषेपलीकडे ढकलला, तर प्रतिस्पर्ध्याला फक्त एक. वर चेंडूही पुन्हा बचाव करणाऱ्याच्याच हाती! हॉथॉर्नने संकटात हीच वाट धरली. जिलाँगच्या २३ सुट्या गुणांपैकी ११ असे बचावपटूंनीच दिलेले. कुणी याला रडीचा डाव म्हणेल. मला तो चोख हिशेब वाटतो. जिलाँगचे गोल ११, हॉथॉर्नचे १८. पुढच्याच वर्षी नियम बदलला: दबाव नसताना मुद्दाम असा गुण दिला, तर प्रतिस्पर्ध्याला फ्री किक.