आधी डाय, मग गाडी

साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात रविवारी दुपारी मोटारींचे शौकीन जमायचे. कोणी बँकेत, कोणी गोदीत, एक जण शाळामास्तर. स्वतःची गाडी त्यांच्यातल्या एखाद्याकडेच, पण कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून पुढे काय बाहेर पडणार याची चिंता सगळ्यांना सारखीच. मी डायमेकर. स्पेअरच्या बाजारासाठी हेडलाइटच्या रिंगा, ब्रॅकेट, बिजागऱ्या असे लहान प्रेसचे भाग काढायचो, आणि माल ऑपेरा हाऊसच्या दुकानांत जायचा. त्यामुळे आतली बातमी मलाच असणार, असा त्यांचा समज. "नवीन मॉडेल कधी येतंय?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. माझा उलटा प्रश्नही ठरलेला होता : वर्षाला किती गाड्या काढायची परवानगी आहे?

हा प्रश्न मी टाळाटाळ म्हणून विचारत नव्हतो. कुर्ल्याच्या त्या कारखान्याचा सगळा इतिहास मला त्या एका प्रश्नात दिसतो.

मुंबईत मोटारी जोडायचं काम प्रीमियरच्या आधीपासून चालू होतं. जनरल मोटर्सनं शिवडीला 1928 साली कारखाना काढला, फोर्डही आली. पण ते काम सुटे भाग परदेशातून आणून इथे बोल्ट आवळण्याचं. इथेच पत्रा दाबायचा, इथेच इंजिनाचा ब्लॉक तासायचा, हे स्वप्न पाहिलं सर विश्वेश्वरय्यांनी. त्यासाठी 1935 साली ते युरोप-अमेरिकेचे कारखाने बघून आले. ती योजना अंगावर घेतली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. बाळासाहेब खेरांचं मुंबई सरकार अनुकूल होतं, क्रायस्लरबरोबर बोलणी पक्की झाली, पण युद्धाच्या दिवसांत दिल्लीच्या इंग्रज सरकारनं हात दिला नाही. वालचंदशेठ स्वस्थ बसणारे नव्हते. मधल्या काळात त्यांनी बंगळुरूला विमानांचा कारखाना काढला, विशाखापट्टणमला जहाजांची गोदी उभी केली, आणि 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. 1947 मध्ये कुर्ल्यातून डॉज, प्लिमथ, फार्गो अशा क्रायस्लरच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. ज्या माणसाला मोटारीसाठी इतकी वर्षं नकार ऐकावा लागला, त्यानं तो कारखाना उभा केलेला बघितला, याचं मला आजही समाधान वाटतं. 1953 मध्ये ते गेले.

त्याच वर्षी टॅरिफ कमिशनचा अहवाल आला : ज्यांना गाडी खरोखर इथे बनवायची आहे, त्यांनीच थांबावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. प्रीमियर थांबली आणि इटलीच्या फियाटबरोबर पुढे निघाली. 1954 पासून फियाट 1100 आली. तिची पुढची दारं उलटी उघडायची, बिजागऱ्या मागच्या खांबाला. गोल पाठ आणि पुढे आलेलं तोंड बघून आपल्या लोकांनी तिला डुक्कर फियाट म्हटलं, आणि ते नाव सगळ्या महाराष्ट्रात झालं. 1964 मध्ये डिलाइट आली. पुढे तीच गाडी फियाटचं नाव उतरवून काही काळ प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि 1974 पासून पद्मिनी. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या खांबावर गिअरचा दांडा. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तिला वर्षानुवर्षं दिवसरात्र पळवलं, कारण तिचं कुठलंही काम कुठल्याही नाक्यावर होत असे.

आता डायकडे, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या साच्याकडे येतो, कारण गाडीचं भविष्य तिथे ठरतं.

मडगार्डसारखा एक बाहेरचा पत्रा घ्या. तो एका ठोक्यात होत नाही. पहिल्या डायमध्ये सपाट पत्र्याला खोली मिळते, दुसऱ्यात कडा कापल्या जातात, तिसऱ्यात भोकं पडतात, चौथ्यात कडा दुमडते. म्हणजे एका मडगार्डाला चार डाय. प्रत्येकीचे वरचा आणि खालचा असे दोन भाग, आणि मोठ्या पत्र्याची डाय असेल तर ती उचलायला क्रेन लागते. दोन्ही भाग एकमेकांवर नीट बसतात का, हे बघायला एका भागावर निळी शाई पातळ पुसायची, डाय हळूच मिटवायची, उघडायची आणि दुसऱ्या भागावर निळे ठिपके कुठे उमटले ते बघायचं. जिथे ठिपका गडद, तिथे धातू उंच. तेवढाच हाताने घासायचा. पुन्हा शाई, पुन्हा मिटवणं. चांगला फिटर या कामात कान, बोटं आणि डोळे तिन्ही वापरतो. बोटाच्या टोकाला जे कळतं ते कागदावरच्या मापात पुष्कळदा दिसत नाही. हे काम करणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर आहे. मोटारींच्या लेखांत त्यांचा उल्लेख जवळजवळ कधीच नसतो.

अशा एका गाडीच्या अंगाला शेकडो डाय. त्यांचा खर्च आधी करायचा, गाडी विकायच्या कितीतरी आधी. रविवारच्या मंडळींना मी खडूनं फरशीवर हिशेब मांडून दाखवायचो. समजा डायसाठी पाच कोटी लागले. वर्षाला दहा हजार गाड्या काढायची मुभा असेल, तर पाच वर्षांत पन्नास हजार गाड्या, म्हणजे प्रत्येक गाडीवर डायचे हजार रुपये. वर्षाला एक लाख काढता आल्या तर तोच बोजा शंभर रुपये. त्या काळी हजार रुपये म्हणजे चांगल्या नोकरदाराचा पगार. आणि किती गाड्या काढायच्या हे कारखाना ठरवत नव्हता, दिल्लीचं लायसन ठरवत होतं. वर 1969 मध्ये सरकारनं गाड्यांच्या किमती कायद्यानं बांधल्या. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गाड्या थोड्या, किंमत बांधलेली, मग नव्या डायला पैसा यायचा कुठून?

त्यामुळे जुन्याच डाय चालत राहिल्या. डाय झिजली की पत्र्याची कड वेडीवाकडी येते, बर म्हणजे काटेरी धार निघते, दार चौकटीत बसत नाही. मग डेंटर ते ठोकून बसवतो आणि पेंटर लांबी भरून झाकतो. नवी गाडी घरी आली की शौकीन मंडळी आधी दाराच्या फटीवरून बोट फिरवायची. वर फट रुंद, खाली अरुंद. लोक कारागिरांना बोल लावायचे, आणि ते ऐकून मला वाईट वाटायचं. झिजलेल्या डायमधून आलेला पत्रा रोज हाताने ठोकून सरळ करणारा कारागीर हलका नसतो. त्याच्या हातात चांगलं हत्यार द्यायला कोणाला परवडत नव्हतं.

आणि गिऱ्हाईक तरीही रांगेत. फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचं, ती हातात आली की लगेच वरच्या पैशाने खपायची. गिऱ्हाईक हटत नसेल तर माल बदलायची घाई कोणालाच होत नाही. माझं मत असं की लायसनमुळे गाड्या थोड्या झाल्या हे नुकसान होतंच, पण नवं काही बनवायची कारखान्याची सवय मोडली हे त्याहून मोठं नुकसान. सवय मोडलेला टूलरूम, म्हणजे डाय घडवणारा विभाग, पुन्हा उभा करायला पैसा आणला तरी माणसं आणायला एक पिढी जाते.

1983 च्या डिसेंबरात मारुती रस्त्यावर आली. आमच्या रविवारच्या बैठकीत त्या वर्षी दुसरा विषयच नव्हता. कुर्ला काय उत्तर देणार? उत्तर आलं 1985 मध्ये, प्रीमियर 118 एनई. मूळ गाडी फियाट 124, युरोपात 1966 सालची. त्यात निस्सानचं 1.2 लिटरचं इंजिन घातलेलं. शाळामास्तरांनी बोटं मोजली : युरोपातलं पोरगं इथे येईपर्यंत एकोणीस वर्षांचं झालं. पण गाडी वाईट नव्हती. ते इंजिन फारच गुणी, शांत आणि चिवट. पुष्कळ घरांची पहिली ऐसपैस गाडी तीच.

त्या काळात कंपनीच्या प्रमुखपदी विनोद दोशी होते, आणि त्यांच्याबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. मराठी प्रायोगिक रंगभूमीच्या पाठीशी हा माणूस उभा राहिला. ताडदेवच्या वालचंद टेरेसमध्ये सत्यदेव दुबेंच्या नाटकांच्या तालमी होत, आणि दोशींच्या नावाचा नाट्यमहोत्सव पुण्यात पुढे भरत राहिला. धंद्याचा हिशेब काहीही लागो, नाटकवाल्यांना जागा देणारा कारखानदार ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट आहे.

1991 नंतर बाजाराची दारं उघडली आणि प्रीमियरनं दोन्ही हातांनी नवी मॉडेलं ओढून घेतली. डोंबिवलीजवळच्या कारखान्यात प्यूजोबरोबर 309, कुर्ल्यात फियाटबरोबर उनो. पण 309 युरोपात 1985 ची, तिकडे तिची जागा दुसऱ्या गाडीनं घेतलेली. उनो 1983 ची, इटलीतून 1995 मध्ये बंद झालेली. म्हणजे पुन्हा दुसऱ्याचं जुनं. फक्त या वेळी गिऱ्हाइकानं जे केलं ते कोणीच कल्पिलं नव्हतं. 1996 मध्ये उनोची नोंदणी उघडली आणि 2 लाख 90 हजारांच्या आसपास लोकांनी पैसे भरले. आमच्यातल्या बँकवाल्यानंही भरले. मी त्याला पुन्हा तोच प्रश्न विचारला : महिन्याला निघणार किती?

निघाल्या फार थोड्या. कुर्ल्यात संप झाला, डोंबिवलीतही कामगारांचा वाद पेटला. 1970 च्या दशकापासून प्रीमियरच्या कामगारांत डॉ. दत्ता सामंतांच्या युनियनची मुळं होती, आणि ज्या कारखान्यात इतकी वर्षं एकच गाडी निघाली, तिथे नव्या कामाची वाटणी, वेग, पगार या सगळ्यावर एकदमच भांडण होणार हे उघड होतं. फक्त कामगारांना दोष देणाऱ्यांशी मी तेव्हाही भांडलो. 1997 मध्ये प्यूजो परत गेली. फियाटनं कुर्ल्याच्या भागीदारीतला मोठा हिस्सा स्वतःकडे घेतला, पुढे सिएना आणि 2001 मध्ये पॅलिओ आणली. पद्मिनी साधारण 2000 पर्यंत निघत राहिली. लोकांनी नोंदणीचे पैसे परत मागितले. आमच्या बँकवाल्यानं त्या पैशांत दुसऱ्या कंपनीची गाडी घेतली.

याच्याच शेजारी, घाटापलीकडे, दुसरी गोष्ट घडत होती. सुमंत मुळगावकरांनी टाटांच्या टेल्कोचा पिंपरीचा कारखाना उभारायला घेतला तेव्हा त्यांनी गाडीपासून सुरुवात केली नाही. 1966 च्या सुमारास आधी मशीन टूल आणि प्रेसच्या डायचे विभाग उभे केले, पोरांना शिकवायला वर्ग काढले, झाडं लावली. ट्रक नंतर. त्या काळी अनेकांना हा वेळकाढूपणा वाटला असेल. माझ्यासारख्या डायमेकरला मात्र ती बातमी एखाद्या नव्या गाडीपेक्षा मोठी वाटली होती. तिथे शिकून आलेली मुलं मी पाहिली आहेत. हातात घेतलेल्या डायकडे ती आधी दोन मिनिटं नुसती बघत राहायची, मग हत्यार उचलायची. 1998 च्या शेवटी इंडिका आली. तिच्यासाठी रतन टाटांनी ऑस्ट्रेलियातला निस्सानचा बंद पडलेला कारखाना विकत घेतला, सुटा करून जहाजांनी आणला आणि पुण्यात जोडला. दुसऱ्याची जुनी यंत्रं इथेही होतीच. पण त्यातून जी गाडी निघाली तिचा आराखडा नवा होता, आणि तिच्यावर काम करायला तीस वर्षं तयार झालेले हात होते. सुरुवातीच्या इंडिकात दोष पुष्कळ निघाले, गिऱ्हाईक ओरडलं. 2001 मध्ये व्ही2 आली आणि ते बरेचसे दूर झाले. दोष निघाल्यावर पत्रा, साचा, जोडणी बदलता येणं, हे खरं बळ. ते कुर्ल्यापाशी उरलं नव्हतं.

कुर्ल्याच्या त्या जमिनीवर आता कोहिनूर सिटी आहे. डोंबिवलीला प्रीमियर मैदान म्हटलं की लोकांना सभा आठवतात. फियाट पुणे जिल्ह्यात रांजणगावला गेली, टाटांबरोबर भागीदारीत. आणि याच रांजणगावातून 2017 च्या जूनमध्ये फियाटच्याच गटाची जीप कंपास निघायला लागली. ती गाडी जगापुढे पहिल्यांदा आली होती 2016 च्या सप्टेंबरात. मूळ गाडी आणि आपली गाडी यांतलं अंतर एका वर्षाच्याही आत आलं, आणि उजव्या हाताच्या स्टिअरिंगची कंपास रांजणगावहूनच परदेशी जाऊ लागली. शाळामास्तर असते तर त्यांनी पुन्हा बोटं मोजली असती. माझा पुतण्या आता त्याच्या मित्रांबरोबर पुढच्या मॉडेलची चर्चा करतो, फोनवर चोरून काढलेले झाकलेल्या गाडीचे फोटो दाखवतो. मी त्याला विचारतो, बाहेरच्या पत्र्याच्या डाय कुठे होतायत आणि वर्षाला किती गाड्या निघणार. परवा तो रांजणगावच्या एका टूलरूममध्ये काम करणाऱ्या मुलाला घरी घेऊन आला, आणि आम्ही रात्री दीडपर्यंत बोलत बसलो.