टाकीच्या खांद्यावरची अक्षरं

घरी गॅसचा सिलिंडर आला की जाणती गृहिणी आधी त्याच्या वरच्या पट्टीवर पाहते. एक इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे. पुढची चाचणी केव्हा, ते त्यावरून कळतं. पाणबुड्याच्या पाठीवरच्या हवेच्या टाकीवरही अशीच अक्षरं ठोकलेली असतात, तिच्या खांद्यावर. पण एका देशानं ठोकलेली अक्षरं दुसरा देश मानेलच असं नाही. टाकीला सीमेवर अडवतात ते बहुधा इथंच.

सुरुवात सोपी होती. जून १९४३. फ्रान्स परक्या सैन्यांच्या ताब्यात होता. नौदल अधिकारी झाक-ईव्ह कुस्तो यांनी दक्षिण किनाऱ्यावरच्या बाँदोल स्टेशनात जाऊन पॅरिसहून रेल्वेनं आलेली एक लाकडी पेटी सोडवून घेतली. आत हवेच्या तीन टाक्या होत्या आणि श्वासापुरतीच हवा सोडणारी एक झडप. एमिल गान्यां या इंजिनिअरची ही झडप मूळची मोटारीसाठी होती. पेट्रोलच्या टंचाईत गाड्या गॅसवर चालवायच्या होत्या ना! इटालियन सैनिकांची नजर चुकवून एका आडोशाच्या जागी कुस्तो पाण्यात उतरले.

युद्धानंतर ही कल्पना झपाट्यानं जगभर गेली. गान्यां स्वतः १९४७ साली कॅनडात गेले. टाकीचं मात्र तसं नव्हतं. बारा लिटरच्या टाकीत दोनशे बार दाबानं चोवीसशे लिटर हवा बसते. नुसत्या हवेचं वजन तीन किलोच्या आसपास! अशी टाकी फुटली तर ती बाँबच. म्हणून प्रत्येक देशानं टाकी तपासण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवला. अमेरिकेत हे काम रेल्वेसाठी १८८७ साली नेमलेल्या आंतरराज्य व्यापार आयोगाकडे होतं. पुढे ते १९६७ साली सुरू झालेल्या वाहतूक खात्याकडे गेलं. तिथं टाकीवर या खात्याचा शिक्का आणि पाच वर्षांच्या आतली पाण्याच्या दाबाची चाचणी हवी. युरोपचा शिक्का वेगळा. युरोपातली उत्तम टाकी अमेरिकेत नेली, तरी दुकानदार सहसा ती भरून देत नाही.

हा नुसता कागदी हट्ट आहे असं वाटेल. मलाही पुष्कळदा तसं वाटतं. पण टाकीच्या तोंडाचे आटे पाहा. काही टाक्यांचे आटे पाऊण इंची, तर युरोपातल्या अनेकांचे पंचवीस मिलिमीटरचे. मिलिमीटरची झडप पाऊण इंची तोंडात चक्क फिरून बसते. बसल्यासारखी दिसते, एवढंच. दाब चढला की गोळीसारखी उडते. अशा अपघातांत माणसं जखमी झाली आहेत. सीमेपलीकडून आलेल्या टाकीकडे भरणारा संशयानं पाहतो, तो उगाच नाही.

आपल्याकडे गॅस सिलिंडरचे नियम पहिल्यांदा १९४० साली झाले, पुढे १९८१, २००४ आणि २०१६ साली ते नव्यानं आले. परदेशी टाकी देशात आणायची तर मुख्य विस्फोटक नियंत्रकांची मान्यता लागते. त्यांचं मुख्यालय कुठं आहे? समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, आपल्या नागपुरात!

विमानप्रवासाची गोष्ट आणखी वेगळी. भरलेली टाकी प्रवाशाच्या सामानात चालत नाही. अमेरिकेत २००१ च्या हल्ल्यांनंतर तपासणी कडक झाली, आणि रिकामी टाकीही झडप काढून, आत डोकावता येईल अशी उघडी दाखवावी लागते. उघड्या तोंडातून दमट हवा शिरते आणि पोलादाला आतून गंज धरतो. सुरक्षेसाठी उघडलेली टाकी मग पुन्हा आतून तपासूनच भरायची!

या कटकटीला कंटाळून पाणबुड्यांनी आपली वाट काढली. टाकी जिथं उतरायचं तिथलीच, भाड्यानं घ्यायची. मालवणजवळ तारकर्लीला येणारा पाहुणाही हेच करतो. बॅगेत असते ती श्वासाची झडप, आणि तिथल्या टाकीला ती जोडता यावी म्हणून मुठीत मावणारा एक पितळी अडॅप्टर.